दोष सीटचा नव्हता

शौचाला रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. सायकल चालवत असा नाहीतर नसा, मूळव्याधीचा जुना त्रास असो, वय चाळीस असो की सत्तर, जा. लाज वाटली तरी जा. या लेखाचा कुणाला काही उपयोग व्हायचा असेल तर तो एवढ्यातच आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी इथे थांबलं तरी माझी हरकत नाही.

पुढचं लिहितोय ते इम्तियाजसाठी. इम्तियाज माझा मित्र. माझं निदान व्हायला जो उशीर झाला त्याचं खापर त्याच्या माथी फुटलं, आणि चौदा महिने त्याने ते मुकाट्याने सोसलं. चूक त्याची नव्हती. कुणाची होती ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी मूग गिळून बसलो होतो.

आम्ही तिघं

मी श्रीपाद, वय बावन्न. मूळचा पुण्याचा, बावीस वर्षं दिल्लीत. घर मयूर विहारला, नोकरी गुरुग्रामला, त्यामुळे आयुष्याचा बराच भाग मेट्रोत उभ्याने गेला. बायको वैशाली शाळेत शिकवते, मुलगी इरा कॉलेजात आहे. इम्तियाज साताऱ्याचा, बायको रेहानाबरोबर आमच्या शेजारच्या सोसायटीत राहतो, विमा कंपनीत आहे. तिसरी मीनल, ठाण्याची, बँकेत अधिकारी. एकटी राहते आणि आम्हा दोघांपेक्षा जोरात सायकल चालवते.

पन्नाशीला आलं की प्रत्येकाला कसलंतरी खूळ लागतं. आम्हाला स्पितीचं लागलं. शिमल्याहून काझापर्यंत माउंटन बाइकवर जायचं, दगडधोंड्यांच्या रस्त्याने, जून महिन्यात. ठरलं ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तयारीला दहा महिने. मी ताबडतोब एक्सेलशीट केली, कारण मला दुसरं काही येत नाही.

दिल्लीत चढ नाही, ही मोठी अडचण. मग आम्ही पहाटे एकच फ्लायओव्हर वीस-वीस वेळा चढायचो आणि उतरायचो. एकदा ट्रॅफिक पोलिसाने थांबवून काळजीने विचारलं, "अंकल, कुछ गिर गया है क्या?" इम्तियाज म्हणाला, "हाँ जी, उमर." रविवारी गाडीवर सायकली टाकून गुरुग्रामच्या पलीकडे अरवलीत जायचो, तिथे खरे दगड आणि खरे चढ. परत आल्यावर आमच्याकडे पोहे. वैशाली कढईभर करायची. इम्तियाज दर वेळी म्हणायचा, "वहिनी, लिंबू जरा हात सैल सोडून द्या," आणि ती दर वेळी त्याला अर्धीच फोड द्यायची, मुद्दाम.

ते रविवार मला फार आठवतात. आजार, ऑपरेशन, सगळं पचलं. ते रविवार गेले ते पचत नाही.

सीट

तयारी सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील, तेव्हा पहिल्यांदा रक्त दिसलं. थोडंसंच. मी इम्तियाजला सांगितलं, फक्त त्याला. वैशालीला सांगितलं असतं तर तिने सायकल बंद केली असती. मीनलला सांगायचा प्रश्नच नव्हता, बाईमाणसाजवळ असल्या जागेविषयी कसं बोलणार! मीनलचे वडील याच आजाराने, म्हणजे गुदाशयाच्या कॅन्सरने, गेले होते. तिला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी कान धरून मला दवाखान्यात नेलं असतं. हे ती मला आजही सुनावते. पण आम्ही दोन शहाणे पुरुष, फ्लायओव्हरच्या कडेला उभे राहून दबक्या आवाजात बोललो.

"अरे, सीट आहे ती," इम्तियाज म्हणाला. "मला पण झालं होतं सुरुवातीला. दोन तास त्या दगडावर बसल्यावर दुसरं काय होणार? सीट बदल."

त्याला खरोखरच झालं होतं आणि सीट बदलल्यावर खरोखरच थांबलं होतं. त्यात त्याचं काय चुकलं?

पहिली सीट झंडेवालानच्या सायकल बाजारातून आणली, मधोमध खाच असलेली. दुसरी रुंद, जेलची, तिच्यावर बसलं की वेताच्या मोढ्यावर बसल्यासारखं वाटायचं. पॅडवाली चड्डी झाली, मलम झालं, खोबरेल तेल झालं. रक्त कधी यायचं, कधी आठवडाभर यायचं नाही. आलं नाही की मी इम्तियाजला अंगठा पाठवायचो आणि तो उलट दोन अंगठे पाठवायचा. दोघांची मिळून एकशे तीन वर्षं वय आणि हा आमचा वैद्यकीय कारभार!

शिवाय माझं वजन उतरत होतं. सगळे वा वा करत होते. ऑफिसातल्या पोरांनी तर लिफ्टमध्ये टाळ्या वाजवल्या. चढावर मी मागे पडू लागलो, तर मीनल म्हणाली, "प्रोटीन खा." मी एक्सेलशीटमध्ये वजनाचा रकाना हिरवा रंगवला.

दिवाळी

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

त्या दिवाळीत आम्ही दहा दिवस पुण्याला भावाकडे गेलो होतो. सायकल दिल्लीत, बाल्कनीत. दहा दिवसांत मी सायकलच्या सीटला काय, स्कूटरच्या सीटलाही टेकलो नाही. आणि त्या दहापैकी सात दिवस रक्त आलं. नेहमीपेक्षा जास्त, आणि काळपट.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मी भावाच्या संडासात बसून होतो. बाहेर सगळे हसतायत, चकल्यांचा डबा कुणी संपवला यावर भांडण चाललंय. आणि मला कळलं. नाव कळलं नाही, पण सीटचा काही संबंध नाही हे लख्ख कळलं. मग मी हात धुतले, बाहेर आलो आणि ओवाळून घेतलं.

का? मला स्पितीला जायचं होतं. एवढंच. डॉक्टर म्हणजे तपासण्या, तपासण्या म्हणजे काहीतरी निघणार, निघालं की जून गेला. मी मनाशी ठरवलं की जून होऊ दे, मग बघू. बावीस वर्षं मी लोकांचा माल वेळेवर पोचवण्याचं काम केलं, स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं. आता हे लिहिताना मला माझाच राग येतो, पण तेव्हा हेच वाटलं.

दिल्लीला परतल्यावर इम्तियाजने विचारलं, "काय रे, विश्रांतीने फरक पडला?"

मी म्हणालो, "पडला ना. एकदम बंद."

पुढच्या रविवारी, सायकलवर बसल्यावर "पुन्हा सुरू झालं" असं मी त्याला सांगितलं. तो बिचारा हळहळला. त्याने तिथल्या तिथे स्वतःच्या सायकलची सीट काढली, चांगली बसून बसून मऊ झालेली चामड्याची सीट, आणि माझ्या सायकलला लावली. माझी जेलची स्वतःला लावून घेतली. म्हणाला, "हिने नाही थांबलं तर मी नाव लावणार नाही." मी ती घेतली. थँक्यू म्हणालो.

अर्धं मिनिट

फेब्रुवारीत अरवलीच्या एका चढावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सायकलसकट आडवा झालो. मीनलने पाणी मारलं, माझा हात हातात घेतला आणि नखांकडे बघत राहिली. "श्रीपाद, तुझ्या अंगात रक्तच नाहीये," ती म्हणाली. मग तिने इम्तियाजकडे बघितलं. इम्तियाजचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बघून लॅबच्या माणसाने स्वतः फोन केला. तिसऱ्या दिवशी आम्ही सर्जनसमोर होतो. मी, वैशाली आणि इम्तियाज. इम्तियाजला वैशालीनेच बोलावलं होतं, गाडी चालवायला. डॉक्टरांनी पडद्याआड नेऊन बोट घालून तपासलं. अर्धं मिनिट लागलं. हातमोजा काढताना ते माझ्याकडे बघत नव्हते, तेव्हाच मी समजलो.

खुर्चीवर बसवून त्यांनी विचारलं, "खून कब से आ रहा है?"

"अगस्त से. सायकलिंग के बाद आता है."

"छह महीने! दिखाया क्यों नहीं?"

मी काही बोलायच्या आत इम्तियाज म्हणाला, "सर, मैंने ही इनको बोला था कि सीट की वजह से है. मेरी गलती है."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बिना सायकल के भी आता था?"

वैशाली माझ्याकडे बघत होती. इम्तियाजही. मी म्हणालो, "याद नहीं."

दोन शब्द. त्यानंतर जे काही झालं ते या दोन शब्दांनी झालं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये वैशाली इम्तियाजकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "तुम्ही डॉक्टर आहात का हो?" ती म्हणाली. "सहा महिने माझ्या घरात पोहे खात होतात. एकदा तरी मला सांगावंसं वाटलं नाही?" इम्तियाज खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, वहिनी." ती म्हणाली, "वहिनी म्हणू नका मला." आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. आजारी माणसाला कोण काय विचारणार? कॅन्सरची ही एक सोय आहे, सगळे तुमच्या वतीने भांडतात.

त्या दिवशी आम्ही टॅक्सीने घरी आलो. इम्तियाज आमची गाडी सोसायटीत लावून किल्ली वॉचमनकडे देऊन गेला.

पी लिया?

आधी रेडिएशन, मग ऑपरेशन, मग केमो, असं ठरलं. रेडिएशन तळघरात. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. मूत्राशय भरलेलं असताना ते करतात, म्हणून आधी भरपूर पाणी पिऊन बसायचं आणि नंबर यायची वाट बघायची. आणि मशीन नेमकं तेव्हाच बंद पडायचं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही पाच-सहा पोक्त पुरुष मांड्या आवळून बसलेलो. मुरादाबादचे एक चाचा रोज मला विचारायचे, "पी लिया?" मी म्हणायचो, "पी लिया." "बस, अब अल्लाह मालिक." आम्ही एकमेकांना आजाराविषयी एक शब्द विचारला नाही. त्या तळघरात मला जेवढं मोकळं वाटलं तेवढं घरी वाटत नव्हतं.

घरी मी वाईट वागलो. खोटं कशाला बोलू? दलियाचा वाडगा एकदा भिंतीवर मारला. वैशालीने काही न बोलता भिंत पुसली, तर "आता ओरड ना!" म्हणून मीच ओरडलो. तिने हात टेकले होते. शाळा, दवाखाना, इन्शुरन्सचे फोन, माझा तोंडाचा पट्टा. ती फक्त एका माणसावर रागावू शकत होती आणि तो घरात नव्हता.

रेडिएशन चालू असतानाच ईद आली. दर वर्षी इम्तियाजकडून शीरखुर्म्याचा डबा येतो. त्या वर्षीही आला, वॉचमनच्या हाती. वैशालीने तो उघडलाही नाही, तसाच परत पाठवला. इरा म्हणाली, "ममा, यार, ये तो हद है. इम्तियाज काकांना किती बुरा वाटेल." वैशाली म्हणाली, "वाटू दे."

मी सोफ्यावर पडून होतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. डबा लिफ्टपर्यंतच गेला असेल. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

पिशवी

ऑपरेशन झालं ते जूनमध्ये. ज्या आठवड्यात आम्ही शिमल्यात असणार होतो, त्याच आठवड्यात. गुदद्वार काढून शिवून टाकलं आणि पोटावर डाव्या बाजूला शौचाची पिशवी आली, कायमची. सर्जनने आधीच सांगितलं होतं, सायकलची सीट आता विसरायची. रक्ताच्या बाटल्यांसाठी माणसं लागत होती, त्यांत इम्तियाजचं नाव होतं. हे मला खूप नंतर मीनलकडून कळलं. तो येऊन रक्त देऊन पार्किंगमध्ये बसून राहिला, वर आला नाही.

पिशवीविषयी लोकांना विचारायचं असतं पण विचारत नाहीत, म्हणून सांगतो. वास येत नाही, नीट बसवली तर. आवाज येतो, आणि तो थांबवता येत नाही. पहिले दोन महिने मी पिशवी स्वतः बदलू शकलो नाही, बघवतच नव्हतं. इराने शिकून घेतलं. नर्स मला समजावत होती तेव्हा माझं लक्ष छताकडे, इराचं पोटाकडे. घरी आल्यावर पहिल्यांदा बदलताना तिने विचारलं, "बाबा, हे जे लाल दिसतंय, ते आतडं आहे? आतडं म्हणजे इंटेस्टाइनच ना?" मी हो म्हणालो. "अच्छा," ती म्हणाली, "क्यूट आहे." आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

पुढच्या वर्षी जानेवारीत, केमो संपल्यावर मी पुन्हा ऑफिसला जाऊ लागलो. मेट्रोत पिशवी वाजेल या भीतीने मी हात सतत पोटावर धरून उभा असायचो. एकदा एक म्हातारे सरदारजी माझ्याकडे बराच वेळ बघत होते. राजीव चौकाला उतरताना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हाथ हटा लो, बेटा. शुरू में सब ऐसे ही पकड़ते हैं. मेरी बारह साल की हो गई." आणि गर्दीत उतरून गेले. मी गुरुग्रामपर्यंत हात खाली सोडून गेलो. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना मी खुशीत दिसलो म्हणे.

स्पितीला कुणीच गेलं नाही. मीनल म्हणाली, "एकटी काय करू जाऊन?" इम्तियाजने सायकलला हात लावणं सोडलं होतं. मीनलने खूप समजावलं, तर तो म्हणाला, "माझ्या सल्ल्याने एक माणूस मरता मरता वाचलाय. मला नको ती सायकल." हे तिने मला सांगितलं तेव्हा मी विषय बदलला.

ठिपके

एप्रिलमध्ये तपासणीचा स्कॅन झाला. फुप्फुसात ठिपके निघाले. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा केमो, या वेळी बराच काळ." वैशालीने विचारलं, "सहा महिने आधी आलो असतो तर?" डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "कहना मुश्किल है," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हाँ, फ़र्क पड़ सकता था."

परत येताना वैशाली गाडी चालवत होती. अक्षरधामच्या सिग्नलला ती अचानक म्हणाली, "मी त्या माणसाला मरेपर्यंत माफ करणार नाही." 'मरेपर्यंत' हा शब्द आता आमच्या घरात कुणी सहज वापरत नाही. तिने वापरला आणि स्वतःच दचकली. माझ्या मनात आलं, मी गेलो तर हे असंच राहणार. ही शेजारच्या सोसायटीतल्या एका भल्या माणसाचा द्वेष करत म्हातारी होणार, आणि तो तिला रस्त्यात बघून फूटपाथ बदलत राहणार. आणि खरं काय ते माझ्याबरोबर जाणार. मला मरणाची भीती वाटते, नाही असं नाही. पण त्या सिग्नलला मला वाटलेली भीती वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी इम्तियाजला त्यांच्या सोसायटीच्या बागेत बोलावलं. चौदा महिन्यांनी आम्ही समोरासमोर आलो. त्याची दाढी पार पांढरी झाली होती. तो बाकावर बसला नाही, उभाच राहिला. "श्रीप्या, कसा आहेस?" म्हणाला.

मी पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. पुणं, दहा दिवस, सात दिवस रक्त, भाऊबीज. "याद नहीं" खोटं होतं, हे.

शेजारी बायका फेऱ्या मारत होत्या, त्या आमच्यासमोरून दोनदा गेल्या. मग त्याने विचारलं, "आणि आल्यावर मी तुला माझी सीट काढून दिली."

"हो."

"तू घेतलीस."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, इम्त्या."

"चौदा महिने झाले, श्रीपाद." त्याने मला आयुष्यात कधी श्रीपाद म्हटलं नव्हतं. "रोज नमाजला बसलो की आधी तुझ्यासाठी मागतो, मग माझ्या चुकीची माफी मागतो. रोज. रेहाना म्हणते, पुरे आता, किती झुराल! तिला काय सांगू मी आता घरी जाऊन? का केलंस?"

"मला स्पितीला जायचं होतं."

"मला पण जायचं होतं," तो म्हणाला.



जाता जाता तो थांबला. "वहिनींना सांगितलंस?"

"अजून नाही."

"त्यांना आधी सांगायला हवं होतंस," तो म्हणाला आणि पाठ फिरवून जिन्याकडे गेला.

वैशालीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी बोलत होतो तोवर तिचे हात चालूच होते. मग थांबले.

"डॉक्टरांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "माझ्यासमोर विचारलं होतं."

"हो."

"डबा परत पाठवला मी, श्रीपाद. ईदच्या दिवशी."

तिने मेथी तशीच ठेवली, चपला घातल्या आणि गेली. ओढणीही घेतली नाही. दीड तासाने आली तेव्हा डोळे सुजलेले होते. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हात धुऊन तिने मेथी पूर्ण निवडली, भाजी केली, मला वाढलं. आणि त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. केमोच्या पहिल्या दिवशीही नाही. सुई टोचताना फक्त माझा पाय घट्ट धरून बसली होती.

सोमवार

जूनमध्ये इम्तियाज आणि मीनल स्पितीला गेले. मला मीनलने निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं, तेही चाचरत. मी म्हणालो, "फार छान झालं." फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडलो. आनंद होता का? होता. पण जळफळाटही होता, आणि तोच जास्त होता. तिने एकच फोटो पाठवला. राखाडी डोंगर, धुरळा, आणि पुढे चढावर इम्तियाजची पाठ. त्याने मला काही पाठवलं नाही. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. त्याच्या सायकलला नवी सीट होती.

ते परत आले त्यानंतरच्या सोमवारी माझा केमोचा दिवस होता. सकाळी मी बूट घालून तयार, तर वैशाली पर्स घेऊन शाळेला निघालेली. "आज मला सुट्टी नाही मिळाली," ती म्हणाली. "खाली गाडी उभी आहे, जा."

खाली इम्तियाजची गाडी होती. त्याचं नाक उन्हाने सोललं होतं. मी पुढच्या सीटवर बसलो, पट्टा पिशवीच्या वरून नीट घेतला. तो तेवढा वेळ थांबला आणि मग गाडी सुरू केली. वॉर्डात माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर तो चार तास बसला. मी दोन-तीनदा काहीबाही बोलून बघितलं, त्याने मान हलवली, बस. औषध थेंब थेंब उतरत होतं. मला थंडी वाजायला लागली, तेव्हा त्याने उठून पंखा बंद केला आणि चादर पायांवर टाकली, माझ्याकडे न बघता.

दुपारी नर्स दारातून माझं नाव घेऊन ओरडली, "पेशंट के साथ कौन है?"

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. इम्तियाज उठला. "मैं हूँ जी," तो म्हणाला, आणि सही करायला गेला.

घरी सोडताना सोसायटीच्या गेटशी त्याने गाडी थांबवली. मी उतरलो. दार धरून उभा राहिलो, कारण सॉरी म्हणायचं होतं आणि ते म्हणवत नव्हतं. शेवटी म्हणालो, "इम्त्या, पंधरा दिवसांनी पुन्हा आहे."

तो समोर बघत होता. "माहितीये," तो म्हणाला. "रजा टाकलीये."